खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचे झाकण

तिरुवैयारु या नावाचा अर्थच पवित्र पाच नद्यांचे गाव असा आहे. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णार, वेट्टार आणि वडवार या त्या पाच नद्या. तंजावरच्या भोसले राजांनी या गावावर माया केली, आणि संत त्यागराजांची समाधी येथे कावेरीकाठी असल्यामुळे दरवर्षी पुष्य वद्य पंचमीला गायक-वादकांची दाटी होते. अशा गोड्या पाण्याने वेढलेल्या गावी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय थाटण्याची इच्छा व्हावी, हा विचित्रपणाच. नोकरीनिमित्त तेथे वास्तव्य असताना, २०१२ साली, तो विचित्रपणा प्रस्तुत लेखकाने केला. त्या प्रयोगात सर्वांत अधिक विचार करावयास लागला तो मासे, मीठ किंवा दिवे यांचा नव्हे, तर पेटीच्या झाकणाचा. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हल्ली असे मत्स्यालय असते, म्हणून तो विचार येथे थोडा विस्ताराने मांडत आहे.

मासा पाण्याबाहेर उडी का मारतो, हे प्रथम पाहू. तळ्यात जाळे ओढले जात असताना रोहू आणि कटला जाळ्यावरून झेपावताना आपण पाहिलेले असतात. समुद्रातही प्रकार तोच. माशाच्या मेंदूच्या मागील भागात माउथनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. अकस्मात सावली पडली, धक्का बसला, वा दुसरा मासा अंगावर आला की त्या पेशी काही सहस्रांश सेकंदांत शरीराला वळण देतात आणि मासा झेप घेतो. तो दिशेचा विचार करीत नाही. प्रवाळखडकावर अशी झेप घेतलेला मासा पुन्हा समुद्रातच पडतो. आपल्या दिवाणखान्यात मात्र तो फरशीवर पडतो. फायरफिश, गोबी, लहान रॅस, अँथियास, जॉफिश आणि वामीच्या कुळातील मासे या बाबतीत विशेष अविश्वासू. विदूषक मासा त्या मानाने घरबशा असला तरी तोही अपवाद नव्हे. नवा मासा पेटीत सोडल्यावरच्या पहिल्या काही रात्री आणि दिवे एकदम लागण्या-विझण्याचे क्षण हे सर्वाधिक धोक्याचे.

तेव्हा झाकण हवे, हे ठरले. कोणते, हा खरा प्रश्न.

माझी पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच होती. दगड वगैरे वजा जाता तीत सुमारे २३० लिटर पाणी मावत असे. आरंभी सर्वांप्रमाणे मीही काचेचे झाकण केले. काच दिसावयास सुंदर, बाष्प आत अडकवणारी, आणि मासा बाहेर जाणे अशक्य. मार्च महिना सुखाने गेला. एप्रिलमध्ये मात्र पाण्याचे तापमान ३२ अंशांवर गेले. पंप आणि दिवे यांची उष्णता आत, बाहेरची हवा तापलेली, आणि काचेवर जमलेले थेंब पुन्हा पाण्यातच पडत असल्यामुळे बाष्पीभवनाने मिळणारा गारवा शून्य. त्या वर्षी तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दररोज कित्येक तास वीज जात असे. पंप थांबला की पृष्ठभागावरची हालचाल थांबे. समुद्राच्या पाण्यात मुळातच प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. २५ अंशांना तो लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम मावतो, तर ३२ अंशांना सहाच्या आसपास. एका दुपारी सर्व मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडीत उभे असलेले दिसले आणि मी काच उचलून भिंतीशी ठेवली. ज्या झाकणाने माशांना आत राखावयाचे तेच त्यांना गुदमरवीत होते.

दुसरा प्रयोग स्वस्त आणि झटपट होता. कार्यालयांच्या छतातील दिव्यांखाली पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकड्यांची जी जाळी बसवितात, तिचा एक तुकडा कापून पेटीवर ठेवला. ही जाळी ताठ असते, गंजत नाही, हवा खेळू देते. पाणी दोन-तीन दिवसांत तीन अंशांनी उतरले. तिच्या चौकटी साधारण १२ ते १३ मिलिमीटरच्या. माझ्या फायरफिशची लांबी सहा सेंटिमीटर होती, आणि एवढा मासा त्या छिद्रातून जाईल अशी शंकाही मनाला शिवली नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो पेटीच्या मागे, भिंत आणि टेबल यांच्यामधल्या फटीत, वाळून गेलेला सापडला. चूक माझीच होती. मी मासा बाजूने पाहिला होता, समोरून नव्हे. समोरून पाहिल्यास त्याची उंची जेमतेम ११ मिलिमीटर आणि जाडी त्याहूनही कमी होती. शिवाय १३ मिलिमीटरच्या चौकोनाचा कर्ण १८ मिलिमीटर होतो, हे शाळेत शिकलेले गणितही त्या वेळी आठवले नाही.

यावरून जो नियम हाती आला तो असा: छिद्राचा कर्ण हा पेटीतील सर्वांत लहान माशाच्या शरीराच्या उंचीपेक्षा कमी असला पाहिजे. ६ मिलिमीटर छिद्राचा कर्ण साडेआठ मिलिमीटर भरतो. बहुतेक माशांना एवढी जाळी पुरते. अगदी बारीक गोबी पाळावयाचे असतील तर ३ मिलिमीटरपर्यंत खाली जावे.

तिसरे आणि शेवटचे झाकण तंजावरच्या एका खिडक्या करणाऱ्या कारागिराने बनविले. खिडकीला डासांची जाळी बसवितात तीच पद्धत. ॲल्युमिनियमच्या खोबणीच्या पट्ट्या, त्यात जाळी ताणून वरून रबराची दोरी दाबायची. फरक इतकाच की डासांच्या जाळीऐवजी बागेत फळझाडांवर पक्ष्यांपासून संरक्षणासाठी घालतात तशी ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची जाळी घेतली. डासांची बारीक जाळीही चालते, पण ती प्रकाश बराच अडविते आणि उडालेल्या पाण्याचे मीठ तिच्या छिद्रांत लवकर साचते. कारागिराला मापे देताना त्याने प्रथम विचारले, डास आत जाऊ नयेत म्हणून का? मासे बाहेर येऊ नयेत म्हणून, हे उत्तर ऐकून त्याने मजुरी कमी केली की वाढविली, हे सांगता येत नाही. परंतु काम मात्र उत्तम केले.

धातूची जाळी कोणी सुचविल्यास ऐकू नये. लोखंडी जाळी खाऱ्या दमट हवेत गंजते, जस्ताचा मुलामा फार काळ टिकत नाही, आणि तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी, शंख, समुद्रफुले यांना तो विषासमान. ॲल्युमिनियमची चौकटही रंगाचा थर दिलेली घ्यावी आणि पाण्याच्या रेषेपासून चार-पाच सेंटिमीटर वर राहील अशी बसवावी. लांबी तीन फुटांहून अधिक असेल तर मधोमध एक आडवी पट्टी हवी, अन्यथा जाळी झोळीसारखी लोंबते. ॲक्रिलिकचा सपाट पत्रा एका बाजूने दमट आणि दुसऱ्या बाजूने कोरडा राहिल्यामुळे काही आठवड्यांत वाकतो आणि कोपऱ्याशी नेमकी माशाएवढी फट सोडतो. जाळीचा आणखी एक गुण सांगावयास हवा. काचेवर आपटलेला मासा डोके फोडून घेतो, ताणलेली जाळी मात्र त्याला झेलून परत पाण्यात टाकते.

जाळीचे मूल्य मात्र चुकवावे लागते, आणि ते पाण्याच्या रूपाने. माझ्या पेटीचा पृष्ठभाग ०.५४ चौरस मीटर होता. उन्हाळ्यात पाणी रोज सुमारे ६ मिलिमीटर उतरे, म्हणजे सव्वातीन लिटर. एवढे पाणी वाफ होताना जी उष्णता घेऊन जाते ती दोन युनिट विजेहून थोडी अधिक भरते. रात्रंदिवस ९० वॅट उष्णता कोणीतरी फुकट बाहेर काढीत आहे, असे म्हणा ना! परंतु वाफ होते ती केवळ पाण्याची. मिठाची शिल्लक तशीच राहते. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या २३० लिटर पाण्यातून आठवडाभर रोज सव्वातीन लिटर उडाले आणि आपण भर घातली नाही, तर उरलेल्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम क्षार होतात. माशांना हा बदल सोसत नाही, आणि कोळंबीला तर मुळीच नाही. म्हणून रोज सकाळी ठराविक खुणेपर्यंत पाणी भरावे, आणि ते बिनमिठाचे. येथे पुष्कळजण चुकतात व मिठाचेच पाणी घालतात. नळाचे किंवा विहिरीचे पाणी न वापरता आर.ओ.चे शुद्ध पाणी घ्यावे.

हाच हिशेब गावोगावी निराळा येईल. नागपूर वा सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी याहून वेगाने उडेल आणि गारवाही अधिक मिळेल. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा जाळीचा थंड करण्याचा गुण बराच ओसरतो. तिरुवैयारुतही ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, माझा रोजचा खर्च लिटरभरावर येत असे. थंड प्रदेशात पाणी गरम ठेवण्यासाठी वीज जाळावी लागते, तेथे काच योग्य ठरेल. परदेशी पुस्तकांत काचेची शिफारस आढळते ती अशा हवामानाला अनुसरून असते, हे लक्षात ठेवलेले बरे.

झाकण कितीही चांगले असले तरी नळ्यांसाठी मागे ठेवलेल्या खाचा उघड्या राहतात. मासा तेथूनच जातो. त्या खाचांत स्पंजाचे तुकडे बसवावेत. पाणी खालच्या टाकीत नेणाऱ्या ओसंडपात्रालाही जाळी हवी. अन्न घालण्यासाठी जाळीत हाताएवढे छिद्र करण्यापेक्षा कोपऱ्यात एक लहान सरकते दार करणे उत्तम, कारण अन्न घातल्यावर झाकण परत ठेवावयाचे राहून जाणे हीच फार सामान्य चूक आहे. मोठा रॅस हलकी चौकट डोक्याने उचलतो, म्हणून चारही कोपरे चिमट्यांनी धरून ठेवावेत. जाळी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याखाली धुतली की मिठाचे पापुद्रे निघून जातात. आणि मोठे दिवे विझल्यानंतर अर्धा तास खोलीत एखादा मंद दिवा चालू ठेवावा. एकाएकी काळोख झाल्यावर होणाऱ्या उड्या त्यामुळे पुष्कळ कमी होतात.

मासे निवडतानाही थोडी दक्षता हवी. मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने विदूषक माशांची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र विकसित केले आहे. अशी पैदाशीची पिल्ले मिळत असतील तर समुद्रातून धरलेल्या माशांपेक्षा तीच घ्यावीत. ती पेटीला सरावलेली असतात आणि कमी बिचकतात. खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित आहेत. दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी ते घरी आणू नयेत.

इतके करूनही एखाद्या सकाळी मासा फरशीवर सापडलाच, तर तो मेला असे चटकन मानू नये. हात पेटीच्याच पाण्याने ओले करून त्याला अलगद उचलावे, नळाखाली धुऊ नये, आणि थेट पेटीत, शक्यतो एका जाळीच्या डबीत, पंपाच्या मंद प्रवाहासमोर ठेवावे. कल्ले ओलसर असतील तर कातडी सुकल्यासारखी दिसत असतानाही काही मासे पुन्हा श्वास घेऊ लागतात. माझ्या दुसऱ्या फायरफिशने एकदा असेच केले. त्या रात्री सरकते दार लावावयाचे राहिले होते. तो पुढे २०१५मध्ये माझी बदली होईपर्यंत जगला, आणि पेटी मोकळी करताना जाळीची चौकट घरमालकांच्या मुलाने तुळशीच्या रोपांवर, चिमण्यांपासून संरक्षणासाठी, मागून घेतली.