तिथीची पाऊणपट

पोवळी बघायला तुमचं कॉलेज मालवणला निघालंय, हे दादाकडून कळलं. तारीख अजून हलवता येत असेल तर आधी ती हलवा. सरांनी रविवार बघून धरली असणार. समुद्राला तुमचा रविवार ठाऊक नसतो, तिथी ठाऊक असते.

कोकणातला जुना हिशेब सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. आता यातली मेख अशी, की खडकांवर चालत जाऊन बघायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया गाठावी. उधाणाचं पाणी लांबवर हटतं आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठला येते, ऊन कोवळं असतं. मुखवटा-नळी लावून पाण्यात उतरायचं असेल तर मात्र उलट, अष्टमी-नवमी धरायची. त्याला भांग म्हणतात. पाणी कमी ओढतं, गाळ कमी उठतो, दोन हात लांबचं तरी दिसतं. मी पहिल्या खेपेला पंचांग न बघता पोरं घेऊन गेले आणि ऐन भरतीला खडकापाशी पोचले. खडक पाण्याखाली, पोरं उपाशी, आणि मी सहा तास बंदरावर सगळ्यांची तोंडं चुकवत बसलेली!

सामान थोडं ने. प्लास्टिकची खरखरीत पाटी आणि साधी शिसपेन्सिल. ती पाण्याखालीही उमटते, पेन नाही उमटत. स्टीलची पंधरा सेंटिमीटरची पट्टी. जुने बूट, कारण खडकावर कालवांच्या शिंपा असतात, तळवा चिरतात. उन्हासाठी क्रीम थापू नकोस, पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाल. काही क्रीममधलं ऑक्सिबेन्झोन पोवळ्यांना बाधतं. हवाई बेटांवर २०२१ पासून त्याची विक्रीच बंद आहे.

आणि काही उचलायचं नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आमच्या वेळी कॉलेजांच्या कपाटांत पोवळ्यांचे पांढरे गड्डे मांडलेले असत आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आता वाटतं.

आता ओळखण्याचं. उमराण्याच्या बाजारात व्यापारी कांदा कसा बघतो, आठव. आधी लांबून अख्खा ढीग, मग मूठभर, मग एकच कांदा बोटांत धरून त्याची पत्ती आणि मान. फोटो त्याच क्रमानं काढ. अख्खी वसाहत, मग हातभर भाग, मग पट्टी शेजारी धरून बरोबर वरून अगदी जवळचा. पट्टी शेजारी म्हटलं, टेकवून नव्हे. पोरं पहिला फोटो काढतात, खूश होतात आणि पुढं सरकतात. घरी आल्यावर त्या एका फोटोवरून काहीच ठरत नाही.

जवळच्या फोटोत घरं बघ. एकेका जिवाचं एकेक घर असतं, वाटीसारखं. घरं सुईनं टोचल्याइतकी बारीक, जेमतेम मिलिमीटरभर, आणि गड्डा लांबून गुळगुळीत दिसत असेल तर बहुधा पोराइट्स. घरं मोठी, कोनेदार आणि शेजारच्या दोघांत भिंत एकच, मधाच्या पोळ्यासारखी, तर फॅविटीस किंवा गोनिअ‍ॅस्ट्रिया. प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र आणि दोन घरांत खाच असेल, तर डिप्सास्ट्रिया. जुन्या पुस्तकांत त्याला फॅव्हिया म्हटलेलं सापडेल, गोंधळू नकोस. पानासारखे वळलेले पत्रे आणि त्यांवर सुट्या नळकांड्या दिसल्या तर टर्बिनारिया. मालवणच्या गढूळ पाण्यात तो चांगला तग धरतो.

इथंच थांबायचं. पाटीवर पूर्ण प्रजाती लिहिण्याची घाई नको, वंशाचं नाव पुरे. उन्हाळ कांद्याचं एकच बी काळ्या रानात एक आकार घेतं आणि मुरमाड रानात दुसरा; पोवळ्याचंही तसंच. उजेड, लाटांचा मार, गाळ यांप्रमाणे तीच प्रजाती कुठं गड्डा होते, कुठं पातळ थर. प्रजाती ठरवायला सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली लागतो आणि तो तुला काढायचा नाहीये. ‘पोराइट्स, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिलंस तर मी पूर्ण गुण दिले असते. छातीठोक चुकीचं नाव लिहिणाऱ्याचे मी कापायची.

खडकावर तपकिरी, लवलवीत, बटणं बटणं चिकटल्यासारखा गालिचा दिसेल. सगळे धावत जातात, ‘पोवळं, पोवळं’. ते झोअँथिड, त्याला दगडी सांगाडा नसतो. हात लावून खात्री करायचा मोह होतो, पण त्यातल्या काही जातींत जबर विष असतं.

पांढरं पडलेलं पोवळं मेलेलंच समजू नकोस. त्याच्या अंगातलं शेवाळ उष्णतेनं निघून जातं आणि आतला सांगाडा पारदर्शक कातडीतून पांढरा दिसतो. कातडी, मिशांसारखे तंतू शिल्लक असतील तर ते जिवंत आहे, फक्त उपाशी. पांढऱ्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखा थर चढू लागला की मग गेलं. पाटीवर दोन्हींसाठी वेगळे रकाने आख.

परत आल्यावर आजी विचारेलच, मंगळाचं पोवळं आणलंस का म्हणून. तिला सांग, अंगठीतलं लाल पोवळं खोल पाण्यातलं आणि वेगळ्याच घराण्यातलं. त्याच्या जिवाला आठ तंतू, आपल्या दगडी पोवळ्यांना सहाच्या पटीत. तिला पटणार नाही, ते सोड.

आंग्रे बँकेचा, म्हणजे समुद्रात बुडालेल्या पोवळ्यांच्या पठाराचा, हट्ट धरू नका, ते किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर आत समुद्रात आहे. पुढच्या वर्षी जामनगरजवळ नरारा बघा, तिथं ओहोटीत चालत पोवळ्यांत जाता येतं.

माझी पाटी माळ्यावर ट्रंकेत आहे, खालच्या बाजूला. पेन्सिलीची दोरी मात्र नवी बांध, जुनी खाऱ्या पाण्यानं कुजलीय. आणि शनिवारी नको, सोमवारी ये न्यायला, मला त्याआधी ती धुऊन ठेवायचीय.