फाइल त्यांची, टोपी त्यांची, दोष मात्र माझ्या मशीनला

"ताई, तुमचं मशीनच जुनं झालंय, त्याला कॅप झेपत नाही." हे वाक्य मला चारचौघांत ऐकवलं गेलं आणि त्यावरून माझ्या बिलातले पैसे कापले गेले. म्हणून हे लिहिते आहे. पुण्यात घरगुती किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क करणारे आपण पुष्कळजण आहोत, आणि कॅपच्या कामात हा प्रकार कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या दौडीसाठी टोप्यांवर लोगो काढायचा होता. काम मधल्या एजंटमार्फत आलं. टोप्या त्याने आणून दिल्या: सिक्स पॅनेलच्या, पुढे कडक बकरम असलेल्या. पंचिंग केलेली डीएसटी फाइलही त्यानेच दिली. "कंपनीने पास केलेली फाइल आहे, टी-शर्टवर हीच चालली, एक टाकाही बदलायचा नाही," असं बजावलं. पहिलीच टोपी मशीनवरून उतरवली आणि मला खटकलं. अक्षरांचा आतला भराव एकीकडे, बाहेरची काळी बॉर्डर दुसरीकडे. मधून टोपीचं निळं कापड दिसत होतं. मधल्या शिवणीवर सुई तुटत होती, धागा पिंजला जात होता.

मग नेहमीची सगळी तपासणी झाली. सुई बदलली, ७५/११ काढून ८०/१२ ची टोकदार घातली. वेग मिनिटाला ६०० टाक्यांवर आणला. बॉबिनचं टेन्शन पाहिलं. आतली घामपट्टी पूर्ण बाहेर ओढून, फ्रेमचा पट्टा छज्जा आणि कापड जुळतं त्या खाचेत नीट बसवला, मागच्या बाजूला क्लिपा लावल्या. आत जाड टेअर-अवे पेपर घातला. सुया तुटायच्या थांबल्या, बॉर्डर मात्र सरकलेलीच.

रात्री कारागीर गेल्यावर मी दोन गोष्टी केल्या. तीच फाइल सपाट फ्रेममध्ये जाड कापडावर चालवली, तर डिझाइन अगदी चोख आलं. मग त्याच लॉटमधल्या टोपीवर, तीच सुई आणि तोच धागा ठेवून, माझी स्वतःची जुनी कॅपची फाइल चालवली. बॉर्डर केसभरही हलली नाही. म्हणजे मशीन ठीक, टोपी ठीक, माझा हात ठीक. मग एजंटची फाइल स्क्रीनवर सावकाश चालवून पाहिली आणि सगळा उलगडा झाला. शिलाई डाव्या टोकापासून उजवीकडे जात होती, तीही वरून खाली. आधी सगळ्या अक्षरांचे भराव आणि अगदी शेवटी एकदम सगळ्यांच्या बॉर्डर. ही फाइल सपाट कापडासाठी केलेली होती. टोपीवर ती बसणार कशी? मला त्या क्षणी बरं वाटलं आणि संतापही आला, कारण दिवसभर फोनवर मशीनच्या नावाने ऐकून घेतलं ते मी.

टोपी फक्त छज्ज्यापाशी घट्ट धरलेली असते. वर जावं तसं कापड सैल असतं, आणि शिलाई ज्या दिशेने जाते त्या दिशेला ते पुढे ढकललं जातं, गादीवरची चादर हाताने सरकवावी तसं. म्हणून कॅपची फाइल मधल्या शिवणीपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंना जायला हवी, आणि खालून वर. एका अक्षराचा भराव झाला की लगेच त्याचीच बॉर्डर, मगच पुढचं अक्षर. भरावाखाली अंडरले हवा, नाहीतर शिवणीच्या खाचेत टाके बुडतात. शिवणीवर नेमका बारीक सॅटिनचा उभा दांडा येत असेल तर डिझाइन थोडं सरकवा किंवा तो दांडा जाड करा. उंची साधारण ५५ मिलिमीटरच्या आत ठेवा. छज्ज्यापासून अर्धा इंच सोडा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं कॅपवर घेऊच नका. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर ६० नंबरचा बारीक धागा आणि त्याला साजेशी बारीक सुई.

टोपी सुईबरोबर वर-खाली उडत असेल तर खालच्या प्लेटपासून तिचं अंतर जास्त आहे. त्यामुळे धाग्याचा फास हुकपर्यंत पोचत नाही आणि टाके सुटतात. आधी टोपी पुन्हा ताणून बसवा, प्रेसर फूटची उंची पाहा. थेट टायमिंगला हात लावू नका. मेकॅनिकचा खर्च पुष्कळदा उगाच होतो. आणि गुरुवारी वीज जाते हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्या दिवशी कॅप लावायचीच असेल तर यूपीएसवर लावा. टोपी अर्धवट शिवून थांबली की पुन्हा तिथेच टाका पडेल याची खात्री नसते.

फाइलबद्दलचं हे सगळं मी एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंसह कळवलं. पंचिंग पुन्हा करून द्यायची तयारीही दाखवली. उत्तर आलं: "वेळ नाही, आहे तसं चालवा." चालवलं. टोप्या त्याने मोजून नेल्या, दौडीत वाटल्या गेल्या, लोकांनी घातल्या. महिना उलटल्यावर म्हणतो, बॉर्डर सरकली आहे, पैसे कापणार. वापरून झालेल्या टोप्यांवर आता तक्रार! आणि दौडीच्या दिवशी हाच माणूस कंपनीच्या लोकांसमोर टोप्या मिरवत होता.

त्याचा तो "आहे तसं चालवा"चा मेसेज आज माझ्या उपयोगाला येतो आहे. तुम्हीही सगळं लेखी ठेवा. फाइल गिऱ्हाइकाची असेल तर चलनावर तसं लिहा, त्याच लॉटच्या टोपीवर नमुना काढून त्यावर सही घ्या, अ‍ॅडव्हान्स घ्या. एमएसएमईडी कायदा २००६ आपल्यासारख्यांसाठीच आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मी त्याखाली अर्ज केला आहे. तुमची उद्यम नोंदणी नसेल तर पुढचं काम घेण्याआधी करून टाका, कारण नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. ती ऑनलाइन होते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.