पाणी धरणारी बहुवारिके

खानदेशातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाच्या सरी आल्या की फुगून त्या भेगा मिटवते. या मातीतील चिकणखनिजांच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते व बाहेरही पडते. सब्जाचे किंवा अहळिवाचे बी भिजविल्यावर त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते, तेही पाणी धरून ठेवणारेच. निसर्गातील हाच गुण माणसाने घडविलेल्या पदार्थांत आणण्याचे शास्त्र म्हणजे हायड्रोजेलचे शास्त्र होय.

हायड्रोजेल म्हणजे काय?

एकाच प्रकारचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले गेले, की बहुवारिक बनते. पाण्याची ओढ असलेल्या अशा साखळ्या ठिकठिकाणी गाठी मारून जोडल्या, की जाळे तयार होते. पाणी त्यात शिरते, जाळे फुगते. परंतु गाठींमुळे ते विरघळत नाही. ओटो विख्टरले व द्राहोस्लाव लिम या चेक शास्त्रज्ञांनी १९६० साली अशा जेलांचा वैद्यकीय उपयोग सुचविला. डोळ्यांत बसविण्याची मऊ भिंगे त्यातूनच निर्माण झाली. १९७८ साली तोयोइची तानाका यांनी दाखवून दिले की, परिस्थितीत अल्पसा बदल होताच काही जेले एकदम आकसतात किंवा फुगतात. त्यामुळे प्रतिसादी बहुवारिकांच्या संशोधनास चालना मिळाली.

औषधाच्या सेवेत

जठरातील रस तीव्र आम्लधर्मी असतो, तर आतड्यात ही आम्लता जवळजवळ नाहीशी होते. आम्लात मिटून राहणारे व आतड्यात पोचताच फुगणारे जेल वापरल्यास नाजूक औषध जठरात सुरक्षित राहते आणि योग्य जागी मोकळे होते. काही बहुवारिके बाटलीत द्रवरूप असतात व डोळ्यात थेंब पडताच शरीराच्या उष्णतेने घट्ट होतात. त्यामुळे औषध अश्रूंबरोबर लगेच वाहून जात नाही. शिरपूर येथे १९९२ साली स्थापन झालेल्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र शिक्षण व संशोधन संस्थेत औषधवहनाच्या अशा पद्धतींचा अभ्यास होत आला आहे. तालुक्याच्या गावी हे काम चालावे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

निव्वळ बहुवारिकाचे जेल बहुधा ठिसूळ असते. त्यात चिकणखनिजांचे सूक्ष्म कण किंवा स्टार्च, सेल्युलोज यांसारखे नैसर्गिक पदार्थ मिसळून संकरित जेल तयार केले जाते. योग्य मिश्रण साधल्यास त्याची बळकटी वाढते अथवा खर्च उतरतो.

शेतातील हिशेब

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘जलशक्ती’ या नावाचे अतिशोषक बहुवारिक विकसित केले होते. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. ते स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषते, असे सांगितले जाते. हा आकडा मोठा वाटतो; परंतु त्याचा हिशेब मांडला पाहिजे. हेक्टरी ५ किलो जेल एका वेळी १,७५० लिटर पाणी धरील. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे जेलात साठणारे पाणी १ मिलिमीटर पावसाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. साहजिकच जेल शेतभर फेकून उपयोग नाही. ते बियाण्याच्या ओळीत, मुळांजवळ पडले, तर उगवणीच्या नाजूक दिवसांत पुन्हा पुन्हा भरून व रिकामे होऊन आधार देऊ शकते. रोपवाटिकेत व कुंड्यांत त्याचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो.

दुसरी मर्यादा क्षारांची. मोठे आकडे बहुधा शुद्ध पाण्यातील असतात. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असल्यास अशा जेलांची शोषणशक्ती बरीच घटते. शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. प्रत्येकी १ ग्रॅम कोरडे जेल १ लिटर शुद्ध पाण्यात व १ लिटर विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेवावे. सकाळी ओल्या, पिळलेल्या फडक्यातून निथळून वजन करावे. दोन वजनांतील फरक विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवील आणि पालकांना खरेदीचा विवेक.

विवेकाची गरज

जेल पाणी निर्माण करीत नाही. आलेले पाणी काही काळ राखते. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल व रुंद करून, त्यांवर बंधारे घालून भूजल पुनर्भरणाचे जे काम झाले, त्याची जागा कोणतीही पुडी घेऊ शकत नाही. शेणखत व सेंद्रिय पदार्थांची जागाही तिला घेता येणार नाही. म्हणून ग्रामपंचायतीने अथवा शेतकरी गटाने खरेदीपूर्वी जेल कशापासून बनले आहे व मातीत त्याचे विघटन होते काय, हे विचारावे. ॲक्रिलिक प्रकारची जेले फार सावकाश विघटित होतात. प्रथम एकाच शेतात जेल घातलेल्या व न घातलेल्या ओळी शेजारी शेजारी ठेवून उगवण, उत्पन्न व खर्च यांची नोंद करावी. त्या नोंदवहीतील आकडे ग्रामसभेत वाचले गेले, म्हणजे प्रयोगशाळेतील संशोधन गावाच्या उपयोगी पडते की नाही, याचा निर्णय गावच करू शकेल.