जोडणीची जबाबदारी

तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १९०४ साली स्थापन झालेली बँक आज सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेच्या नावे तीन बनावट संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून परदेशी गेले. एकूण रक्कम सुमारे २० लक्ष डॉलर होती. त्या यंत्रणेला जोडलेले मुद्रणयंत्र बंद पाडले गेल्याने संदेशांची नोंद छापली गेली नाही. हिशेबाचा ताळा घेताना ७ फेब्रुवारीस हा प्रकार उघडकीस आला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने स्विफ्ट व बँकांची संगणकीय खातेवही यांच्या थेट जोडणीसाठी ३० एप्रिलची मुदत घातली.

ही जोडणी आज्ञावलीत कोठे लिहावी, हा प्रश्न येथे उद्भवतो. संदेश पाठविणाऱ्या घटकाने खातेवहीशी बोलणारा घटक स्वतःच निर्माण केला, तर दोघे एकमेकांत गुंततात. खातेवही बदलली की पहिला घटकही बदलावा लागतो. आणि खऱ्या खात्यांना हात न लावता त्याची चाचणी घेणे दुरापास्त होते.

यावरील उपायास मार्टिन फाउलर यांनी २००४ साली ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ असे नाव दिले. घटकाने आपली गरज केवळ जाहीर करावयाची. ती पुरविण्याचे काम बाहेरील चौकटीचे. जावा भाषेतील ‘स्प्रिंग’ ही अशीच एक चौकट होय. संदेश स्वीकारणारा, खात्यातील नावेची नोंद तपासणारा व तो पुढे धाडणारा, असे तीन घटक स्वतंत्रपणे लिहिले जातात; त्यांची सांधणी मात्र एकाच ठिकाणी नमूद होते. चाचणीच्या वेळी खऱ्या खातेवहीच्या जागी नकली खातेवही देता येते. तपासनीस ही घटकाची अनिवार्य गरज म्हणून जाहीर केली असेल, तर त्याच्यावाचून धाडणारा घटक उभाच राहत नाही. तपासणी विसरण्याची सोय उरत नाही.

तथापि या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. चौकट जाहीर केलेल्या तारा जोडते. आडवाटेने शिरलेला संदेश तिला दिसत नाही. म्हणून त्या तारांवर अवलंबून नसलेला, स्वतंत्र ताळा आवश्यक ठरतो. कुंभकोणम्‌च्या बँकेत चोरी उघडकीस आली, ती अशाच ताळ्यामुळे.