चिलटे, मोरीतल्या माश्या आणि पिंपातला डास

पावसाळा लागला की आपल्या मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये घरोघरी एकच प्रश्न असतो : "घरात बारीक किडे झालेत, काय मारावे?" मग दुकानातून फवारा येतो, कॉइल लागते, मोरीत फिनेल ओतले जाते. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी किडे पुन्हा हजर. याचे कारण साधे आहे. उडणारा किडा हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी अंडे, अळी आणि कोष अशा रूपांत तो आपल्याच घरात कुठेतरी वाढत असतो. फवाऱ्याने उडणारे मरतात. जन्माची जागा तशीच राहते. म्हणून आधी किडा ओळखावा आणि तो कुठून निघतो ते शोधावे.

केळी, टोमॅटो किंवा ओल्या कचऱ्याभोवती घिरट्या घालणारे, तांबड्या डोळ्यांचे बारीक माशीसारखे दिसते ते चिलट. आंबू लागलेल्या फळाच्या वासावर ते येते आणि तिथेच अंडी घालते. कांदे-बटाट्याची टोपली पूर्ण रिकामी करून पाहा, तळाशी एखादा सडका बटाटा बहुधा सापडतोच. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि दररोज बाहेर काढावा. उरलेल्या चिलटांसाठी पेल्यात थोडे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ओट्यावर ठेवावे. ती वासाला भुलून येतात आणि बुडतात.

मोरीच्या भिंतीवर बसणारी राखाडी, केसाळ, पंख पसरले की पानासारखी दिसणारी छोटी माशी वेगळी. ती चावत नाही, फार लांब उडतही नाही. तिच्या अळ्या मोरीच्या पाइपात आतून साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. खात्री करायची असेल तर रात्री मोरीची जाळी कोरडी पुसून तिच्यावर चिकटपट्टी लावावी, चिकट बाजू खाली. हवेला थोडी फट ठेवावी. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर जागा सापडली.

इथे बहुतेकांची चूक होते. फिनेल किंवा गरम पाणी त्या थरावरून नुसते वाहून जाते, थर निघत नाही. जाळी काढून, लांब दांड्याच्या ब्रशने पाइप आतून घासावा, मग भरपूर पाणी ओतावे. आठवड्यातून दोनदा, असे तीन आठवडे करावे. आधीच उडालेल्या माश्या काही दिवस दिसत राहतील, त्याने धीर सोडू नये. एका गल्लीतल्या चार घरांचे सांडपाणी एकाच नालीत जात असेल तर चारही घरांनी एकत्र करावे. आणि एक सावधगिरी : ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

मोठी घरमाशी बहुतेक बाहेरून येते. १९२७ पासून चाललेले देवनारचे डंपिंग शेजारी असताना तिचा बंदोबस्त एकट्या गृहिणीच्या हातात नाही. अन्न झाकून ठेवणे तेवढे आपल्या हातात आहे.

आता खरा धोका. चिलट आणि मोरीतली माशी घाण वाटतात, पण डेंग्यू देतो तो पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास. तो दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे "वस्तीत घाण, म्हणून डेंग्यू" हे म्हणणेच चुकीचे आहे. नळ थोडाच वेळ येतो म्हणून आपण पिंपे भरतो, आणि त्या पिंपात तो जन्मतो. "पाणी ओतून टाका" असे सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याच्या घरी बहुधा दिवसभर नळ असतो.

आपण असे करावे. प्रत्येक पिंपाचा आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी नळ येण्याआधी त्यातले पाणी धुण्याला आणि संडासला वापरून संपवावे, मग आतली भिंत काथ्याने घासून पिंप भरावे. घासणे महत्त्वाचे आहे, कारण या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा चुकवू नये. झाकण नीट बसत नसेल तर जुनी ओढणी दुहेरी करून घट्ट बांधावी. छपरावरचे टायर, ताडपत्रीच्या घड्या, फ्रिजमागचा ट्रे आणि प्रतिमेपुढची फुलदाणीही पाहावी.

कॉइलबद्दल माझे मत स्पष्ट आहे : बंद खोलीत लहान मूल असेल तर लावू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी चांगली. आणि बाळ दुपारी झोपते तेव्हाही ती लावावी.

गटार तुंबले किंवा गल्लीत पाणी साचून राहिले तर पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. घरात कुणाला ताप आला तर पॅरासिटामॉलच द्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, डेंग्यू असल्यास त्याने रक्तस्राव वाढतो. ताप उतरतानाच पोटात जोराची कळ येणे, सारख्या उलट्या होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे असे दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.