सहस्रपुष्पी काच

मेजावरील कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवावयाचे वजन ते काय! नदीतला गुळगुळीत गोटाही ते काम करील. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील काच-कारागिरांनी या सामान्य वस्तूस कलेचे रूप दिले. इ. स. १८४५ मध्ये व्हिएन्ना येथील प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या याने असे पेपरवेट मांडले. आणि लवकरच बाकारा, सें-लुई व क्लिशी येथील फ्रेंच कारखान्यांनी ही कला पूर्णत्वास नेली.

मुठीत मावेल एवढा स्वच्छ काचेचा गोल आणि त्याच्या तळाशी दाटीने उमललेली चिमुकली फुले! इटालियन भाषेत या कामास ‘मिल्लेफिओरी’, म्हणजे ‘सहस्र फुले’, असे म्हणतात. यातील एकही फूल कुंचल्याने रंगविलेले नसते. रंगीत काचेचे थर एकावर एक चढवून जाड कांडी तयार करतात. ती तापून मऊ झाली की दोन कारागीर तिची दोन टोके धरून परस्परांपासून दूर चालत जातात. कांडी पेन्सिलीहूनही बारीक होते. परंतु तिच्या पोटातील नक्षी लहान झाली तरी मोडत नाही. मग तिच्या चकत्या कापून त्या साच्यात मांडतात व त्यांवर वितळलेल्या स्वच्छ काचेचा घुमट चढवितात. शेवटी तो गोल सावकाश निववावा लागतो. घाई झाली तर काच तडकते आणि सारे श्रम वाया जातात. म्हणूनच जाणकार मनुष्य असा गोल हाती घेताच प्रथम फुलांची रेखीव मांडणी व काचेची निर्मळता पाहतो. वरचा घुमट भिंगासारखा असल्यामुळे लहानसा दोषही त्यात लपत नाही.

पुढे लोकांची आवड पालटली. सुमारे १८६० नंतर मागणी ओसरली आणि जाणत्या कारागिरांबरोबर ती विद्याही लोपत गेली. दुसऱ्या महायुद्धात बाकारा येथील चर्चची पडझड झाली. तेथे १९५१ मध्ये खोदकाम चालू असता कोनशिलेत १८५३ सालचा एक सहस्रपुष्पी गोल सापडला. काच टिकली होती. ती घडविण्याची हातोटी मात्र टिकली नव्हती! त्यानंतर बाकारा व सें-लुई येथील कारागिरांना जुने नमुने न्याहाळून, पुनःपुन्हा प्रयोग करून, पूर्वजांची विद्या नव्याने शिकावी लागली.

कलाकृती कपाटात जपून ठेवता येते. कला मात्र हातात वसते. गुरूच्या हातून शिष्याच्या हाती गेली तरच ती जगते.