६१७४ : देवळालीच्या शिक्षकांची संख्या

विद्यार्थ्यांनीं प्रथम पाटी जवळ घ्यावी. हा विषय नुसता वाचण्याचा नव्हे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट इतकीच कीं, तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुनः हीच क्रिया करा. आम्ही १९०५ घेतों :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आतां पुढें कितीही वेळां वजाबाकी केली तरी ६१७४ च येईल. कोणतीही संख्या घेतली तरी अखेर हीच, आणि तीही फार तर सात पायऱ्यांत.

१९०५ हें साल आम्हीं उगाच निवडलें नाहीं. त्या वर्षीं डहाणू येथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. पुढें १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीस शाळेंत शिक्षक होते. ६१७४ चा हा गुण त्यांस १९४९ सालीं आढळला. (त्या सालासही सातच पायऱ्या लागतात, पालकांनीं मुलांकडून त्या करवून घ्याव्यात.)

असें कां होतें? उतरत्या क्रमानें अंक अ, ब, क, ड मानले तर बाकी नेहमीं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. म्हणजे बाकी केवळ दोन अंतरांवर अवलंबून असते. पहिलें अंतर १ ते ९, व दुसरें ० पासून पहिल्याइतकें; अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४ होतात. आरंभींचीं शून्यें धरून ९९९० संख्या आहेत. त्या सर्व पहिल्याच वजाबाकींत ५४ बाक्यांत गोळा होतात. या ५४ तपासल्या कीं सिद्धता पुरी झाली. बोरी अरबच्या विद्यार्थ्यास ती चार संध्याकाळींत करतां येईल. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं.

शून्य मात्र गाळूं नये. २१११ − १११२ = ९९९ येतें; तें ०९९९ असें लिहिलें तर ९९९० − ०९९९ = ८९९१ होऊन मार्ग पुढें चालतो. शून्य गाळणाऱ्याच्या हातीं शून्यच उरतें.

अनेक गणितज्ञांनीं कापरेकरांच्या या कामाची गणना करमणुकींत केली. त्यांत थोडें तथ्य आहे. हा गुण संख्येचा कमी व दहाच्या पायावर ती लिहिण्याच्या रीतीचा अधिक. तथापि लेखनरीतींतही असा नियम लपलेला असावा, हें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं कापरेकरांविषयीं लिहिलें व त्यांचें नांव जगभर गेलें.

ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’ म्हटलें. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ व घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४ च.

तीन अंकांत असा मुक्काम ४९५ हा आहे. दोन अंकांत मुक्कामच नाहीं : ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुनः ०९, असें चक्र फिरत राहतें.